हिरण्य-सुवर्णाचे परिमाण : वाशीम ते कारंजा

वऱ्हाडाच्या दक्षिण कडेला, पैनगंगेच्या अलीकडे पसरलेला वाशीम जिल्हा नकाशावर तसा अलीकडचा. १ जुलै १९९८ रोजी तो अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा, कारंजा-मंगरूळपीरच्या पट्ट्यात कापूस. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून ज्या मोजक्या जिल्ह्यांची नावे आली, त्यांत वाशीमचेही नाव आहे. म्हणजे शासनाच्या दृष्टीने हा मागे राहिलेला प्रदेश. परंतु याच जिल्ह्यात वाकाटकांची राजधानी होती, याच जिल्ह्यात अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर आहे आणि ज्याच्या संपत्तीची कीर्ती दूरवर पोहोचली होती ते कारंजाही याच जिल्ह्यात आहे.

वाशीम, शिरपूर आणि कारंजा या तीन ठिकाणांच्या वाटेने जाणाऱ्या यात्रेकरूंमध्ये व्यापारी कुटुंबे पुष्कळ असतात. त्यांच्या घरांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. ठेवींचे व्याज उतरते आहे आणि सोन्याचा भाव चढतो आहे. मग म्हातारपणासाठी राखलेला पैसा ठेवीतून काढून सोन्यात घालावा काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास वाशीम जिल्ह्याची वाट उपयोगी पडते, कारण संपत्ती साठवणे, गमावणे, मोजणे आणि मर्यादेत ठेवणे या चारही गोष्टी या वाटेवर घडून गेल्या आहेत.

वत्सगुल्म : दानपत्राचे शहाणपण

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. सर्वसेनाने स्थापिलेल्या या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची कित्येक उत्तम लेणी कोरली गेली. सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करविले. आजच्या वाशिमात बालाजीचे मंदिर आणि पद्मतीर्थ पाहायला लोक येतात. वाकाटकांच्या वाड्यांचे मात्र काही उभे राहिलेले नाही. त्या काळाची बोलकी खूण म्हणजे वाशिमात सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट. त्यात राजाने एक गाव दान दिल्याची नोंद आहे.

व्यापारी नजरेने पाहिले तर या ताम्रपटात एक मार्मिक गोष्ट दिसते. उत्तरेकडील गुप्त सम्राटांची सोन्याची नाणी पुष्कळ मिळतात. त्यांचेच सोयरे असलेल्या वाकाटकांच्या नावाची सोन्याची नाणी मात्र मिळालेली नाहीत. वाकाटकांनी ज्यांचा योगक्षेम चालवायचा त्यांना गाव दिले, म्हणजे दरसाल येणारे उत्पन्न दिले. मोहरांची थैली एकदा मिळते आणि खर्च करावी तशी रिकामी होते. गावाचा वसूल पिढ्यान्‌पिढ्या येत राहतो. निर्वाहाची सोय आणि संपत्तीचा साठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या व्यवस्थेने ओळखले होते.

आजच्या व्यापारी घरात हा भेद पुसट झालेला दिसतो. सरकारी नोकराला निवृत्तिवेतन असते. अडत दुकानदाराला, कापडवाल्याला, किराणा व्यापाऱ्याला ते नसते. दुकान हेच त्याचे निवृत्तिवेतन. पण मुलगा पुण्याला नोकरीस गेला किंवा दुकान त्याच्या नावावर झाले, की साठीतल्या गृहस्थाला दरमहा हाती येणारी रक्कम दुसऱ्याच्या मर्जीवर राहते. अशा वेळी कपाटातल्या सोन्याकडे लक्ष जाते. वाशीमच्या बाजारात सोयाबीनचा पैसा हाती आला की पाडव्याला वेढणे किंवा लहानशी लगड घेण्याची रीत शेतकऱ्यांत आहे आणि पेरणीच्या वेळी तेच सोने तारण ठेवण्याचीही आहे. शेतकरी सोन्याचा खरा उपयोग जाणतो. अडल्या वेळी ते धावून येते, परंतु घरचा रोजचा खर्च त्यावर चालत नाही. व्यापाऱ्याने म्हातारपणाचा विचार करताना हा साधा अनुभव विसरू नये.

शिरपूर : मर्यादेचे व्रत

वाशीमहून वायव्येला मालेगाव तालुक्यातील शिरपूर. रेल्वेच्या वेळापत्रकापासून दूर असलेले हे गाव देशभरच्या जैनांना ठाऊक आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे. राजा श्रीपाल मूर्ती घेऊन निघाला, वाटेत त्याने मागे वळून पाहिले आणि मूर्ती अधांतरी स्थिर झाली, ही कथा प्रत्येक यात्रेकरू ऐकून येतो. गावाबाहेर पवळीचे जुने दगडी मंदिर आहे. दोन्ही परंपरांच्या भाविकांची या क्षेत्रावर सारखीच श्रद्धा आहे.

या क्षेत्री आलेल्या श्रावकाला पाच अणुव्रतांपैकी पाचव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुनींचा अपरिग्रह संपूर्ण असतो. गृहस्थासाठी मात्र परिग्रह-परिमाण सांगितले आहे. परिमाण म्हणजे माप. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना संपत्तीचे वर्ग केलेले आहेत. क्षेत्र आणि वास्तू, हिरण्य आणि सुवर्ण, धन आणि धान्य अशी ती जोडनावे आहेत. म्हणजे शेत आणि घर एका खात्यात, चांदी-सोने दुसऱ्या खात्यात, पशुधन आणि धान्य तिसऱ्या. प्रत्येक खात्याची मर्यादा गृहस्थाने आधी ठरवायची आणि ती ओलांडली तर तो दोष मानायचा.

या मांडणीचा हेतू आत्मशुद्धीचा आहे, नफ्याचा नाही; तेव्हा तिला गुंतवणुकीचे सूत्र म्हणणे योग्य होणार नाही. तरीही तिच्यातून व्यवहाराला एक शिस्त मिळते. संपत्तीची खाती वेगळी ठेवावीत आणि प्रत्येकाचे माप मन शांत असताना ठरवावे. भाव चढत असताना ठरवलेले माप हे बहुधा लोभाचे माप असते, आणि उतरत्या बाजारात तेच भीतीचे होते. म्हातारपणाच्या पैशाला या दोहोंपासून दूर ठेवणे अगत्याचे आहे, कारण झालेली चूक भरून काढण्यास त्या वयात वेळ उरत नाही.

कारंजा : वैभव, लूट आणि तराजू

शिरपूरहून मालेगावला येऊन जुन्या नागपूर रस्त्याला लागले की शेलूबाजार ओलांडून कारंजा येते. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना, आणि सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे असलेले भट्टारकांचे गाव म्हणून जैनांना हे ठाऊक आहे. येथील शास्त्रभांडारांतील हस्तलिखितांमुळे अपभ्रंश वाङ्मयाचे मोठे धन प्रकाशात आले, डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ग्रंथ १९३० नंतरच्या वर्षांत कारंजा जैन ग्रंथमालेतून निघाले. १९१८ साली येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला.

या साऱ्या विद्येला आधार होता तो व्यापाराचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेची तीर्थयात्रा करणारे साधू शीलविजय यांनी आपल्या तीर्थमालेत कारंज्याच्या धनवान आणि दानशूर बघेरवाल श्रावकांचे वर्णन केले आहे. गावात कस्तुरीच्या हवेलीची दंतकथाही सांगतात. कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा येथील एका सावकाराने सगळा माल विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात मिसळला, अशी ती कथा. कथेतील तपशील खरा की खोटा हा प्रश्न गौण. गावाच्या संपत्तीविषयी लोकांची समजूत काय होती हे त्यातून कळते.

त्या संपत्तीची दुसरी बाजूही इतिहासात आहे. १६७० सालच्या अखेरीस, सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर, शिवाजी महाराजांच्या सैन्याने मोगलांच्या ताब्यातील वऱ्हाडात शिरून कारंजा घेतले. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या वृत्तांतानुसार सोने, चांदी आणि उंची वस्त्रे मिळून सुमारे एक कोटी रुपयांचा ऐवज चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेण्यात आला. तो युद्धाचा काळ होता आणि शत्रूच्या मुलखातील धनाढ्य पेठेवर जाणे हा राज्यकारभाराचा भाग होता. व्यापाऱ्याने यातून घ्यायचा बोध निराळा आहे. जे धन एका गावात, एका घरात, एका रूपात साठते, त्याची कीर्ती मालकाच्या आधी पसरते, आणि जाते तेव्हा ते एकदमच जाते.

कारंज्याने व्यापाराला दिलेली आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाकडे असताना, १८८६ साली, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानुसार कारंज्याचा कापूस बाजार नियमनाखाली आला. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कृषी पणनाच्या पुस्तकांत तिची नोंद असते. उघड सौदा, ठरलेली दलाली आणि खात्रीचे वजन ही नियंत्रित बाजाराची तत्त्वे. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचा वंशवृक्ष असा कारंज्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

सोन्याच्या बाबतीत हीच शिस्त देशात बरीच उशिरा आली. १६ जून २०२१ पासून ठरावीक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. म्हातारपणासाठी सोने घेणाऱ्याने हा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. मोडीच्या वेळी घासाघीस त्याने पुष्कळ टळते.

नागपूरची तिजोरी

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि कारंज्याहून नागपूर पूर्वीपेक्षा फार जवळ आले. त्या महामार्गाच्या पूर्व टोकाला असलेल्या या शहरात भारतीय रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे, आणि देशात ठेवलेले रिझर्व्ह बँकेचे सोने मुंबईच्या व नागपूरच्या तिजोऱ्यांत असते. वाशीमच्या घरातील सोन्याचा विचार करताना या तिजोरीकडे पाहणे उपयोगाचे आहे. राष्ट्राची पेढी सोने कसे ठेवते हे तिथे दिसते.

१९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. देशाची मान खाली गेली अशी भावना तेव्हा सर्वत्र होती. तरी सोने ज्यासाठी ठेवायचे त्या कामास ते आले आणि देशाची पत राहिली. २००९ साली याच बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. मार्च २०२५ अखेर तिच्याकडे ८७९.५८ टन सोने होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक, ५११.९९ टन, देशातच होते.

आकडा मोठा आहे, परंतु प्रमाण पाहावे. मार्च २०२५ अखेर परकीय गंगाजळीच्या एकूण मूल्यात सोन्याचा वाटा ११.७० टक्के होता. उरलेले अठ्ठ्याऐंशी टक्के मुख्यतः व्याज देणाऱ्या परकीय रोख्यांत आणि ठेवींत होते. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत जगातील मध्यवर्ती बँकांनी मिळून दरसाल हजार टनांहून अधिक सोने घेतले, हे वृत्त सराफा बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेने एवढे घेऊनही सोन्याचा वाटा साधारण आठव्या-नवव्या हिश्शाच्या आसपासच होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

व्याजदर आणि भाव

सोने व्याज देत नाही. म्हणून व्याज जेव्हा महागाईहून बरेच अधिक मिळते, तेव्हा सोने बाळगणे महाग पडते. व्याज उतरले किंवा महागाईने ते खाऊन टाकले, की सोन्याकडे ओढा वाढतो. एवढा एक धागा ध्यानात ठेवला तर बाकीचे समजते.

भारतात वापरले जाणारे बहुतेक सोने आयात होते. त्यामुळे वाशीमच्या सराफाच्या पाटीवरचा भाव तीन गोष्टींनी ठरतो. पहिली, जागतिक भाव; त्यावर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या व्याजदराची सावली असते. दुसरी, डॉलरचा रुपयातील दर. तिसरी, सीमाशुल्क, जुलै २०२४ मध्ये ते १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि भाव रातोरात उतरला. आपल्या रिझर्व्ह बँकेचा रेपो दर सोन्याच्या भावाला थेट ठरवत नाही. तो ठेवींच्या व्याजाला हलवतो. हा दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर गेला, फेब्रुवारी २०२५ पासून उतरू लागला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ५.२५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी अमेरिकेतही दर घटले, आणि ऑक्टोबरात सोन्याचा जागतिक भाव औंसाला ४,००० डॉलरच्या पुढे गेला.

निवृत्त माणसाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी भेटतात. मुदत संपलेली ठेव नव्या, कमी दराने नूतन करावी लागते आणि त्याच आठवड्यात शेजारी सांगतो की आपल्या सोन्याचे दुप्पट झाले. ठेव मोडण्याचा मोह याच क्षणी सर्वांत प्रबळ असतो, आणि नेमक्या याच क्षणी सोने सर्वांत महाग असते.

इतिहास पाहिला तर २१ जानेवारी १९८० रोजी जागतिक भाव ८५० डॉलर होता. अमेरिकेने महागाई मोडण्यासाठी व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास नेले आणि सोने उतरू लागले. १९९९ च्या मध्यास ते २५० डॉलरच्या घरात आले. वीस वर्षे! भारतात रुपयाची घसरण झाल्याने हा फटका तितका जाणवला नाही. १९८० साली दहा ग्रॅमला सुमारे १,३०० रुपये असलेला भाव २००० साली सुमारे ४,४०० झाला. म्हणजे वर्षाला साधारण सहा टक्के. याच काळात, १९८६ पासून १९९९ पर्यंत, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी बारा टक्के व्याज देत होता. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर २०१२ मध्ये एकतीस हजारांच्या घरात असलेले सोने २०१८ मध्येही जवळपास तिथेच होते.

नियमाला अपवादही आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेने व्याजदर झपाट्याने वाढवूनही सोने फारसे पडले नाही. मध्यवर्ती बँकांच्या खरेदीचा त्याला आधार होता. म्हणून व्याजदराची बैठक पाहून सोने घेण्या-विकण्याचा खेळ निवृत्त माणसाने खेळू नये. त्या खेळात निष्णातही चुकतात.

घरचा हिशेब

समजा, एका साठीच्या दांपत्याकडे पन्नास लाख रुपये आहेत आणि घरखर्चास महिन्याला तीस हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार लागतात. त्यांनी सगळे पैसे सोन्यात घातले आणि भाव एक पंचमांश उतरून सहा वर्षे तिथेच राहिला, तर पन्नासाचे चाळीस लाख झाले. दरमहा सोने विकून सहा वर्षांत २१ लाख ६० हजार खर्च झाले. उरले १८ लाख ४० हजार, आणि वय सहासष्ट.

आता दुसरी मांडणी. तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एका व्यक्तीला एप्रिल २०२३ पासून एवढीच मर्यादा आहे. तेव्हापासूनच्या ८.२ टक्के दराने वर्षाला २ लाख ४६ हजार व्याज येते, दर तिमाहीस ६१,५०० रुपये. बारा लाख बँकेत, वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत. साडेसहा टक्के धरले तर ७८ हजार. दोन लाख बचत खात्यात. सहा लाख सोन्यात, म्हणजे बारा टक्के. वर्षाला छत्तीस हजारांची तूट येते ती बचत खात्यातून भरावी; सहा वर्षांत ते खाते संपते. सोन्याचे सहा लाख त्याच घसरणीत चार लाख ऐंशी हजार होतात. तरी सहा वर्षांनी हाती जवळपास ४६ लाख ८० हजार राहतात. यात कर धरलेला नाही, आणि पाच वर्षांनी बचत योजनेचा दर बदलू शकतो.

सोने दुप्पट झाले तर पहिले दांपत्य अधिक श्रीमंत होईल, हे खरे. परंतु म्हातारपणाच्या पैशाचे काम श्रीमंत करणे हे नाही. औषधाचे बिल ज्या महिन्यात येईल त्याच महिन्यात ते भागवणे हे आहे. दुसऱ्या मांडणीचाही एक कच्चा दुवा आहे. व्याजाचा आकडा ठरलेला असतो आणि महागाई वाढत राहते. तो दुवा सांधण्यासाठीच त्यात सोन्याचा हिस्सा ठेवलेला आहे. सोने वर्ज्य नाही; त्याला त्याची जागा आहे.

त्या जागी कोणत्या रूपात सोने असावे? दागिना हा गुंतवणुकीत धरू नये. त्यावर तीन टक्के वस्तू-सेवा कर आणि घडणावळ जाते, आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही. चोख लगड किंवा नाणे बरे, पण त्याच्या राखणीचा घोर असतो. शेअर बाजारात विकता येणारे सुवर्ण ईटीएफ भारतात २००७ पासून आहेत. थोडे थोडे विकण्यास ते सोयीचे. सरकारी सुवर्ण रोख्यांची पहिली मालिका नोव्हेंबर २०१५ मध्ये ग्रॅमला २,६८४ रुपयांनी निघाली आणि २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परतफेड झाली, वर दरसाल व्याज मिळाले ते निराळे. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आलेली नाही. ज्यांच्याकडे जुने रोखे आहेत त्यांनी घाईने विकण्यापूर्वी मुदतपूर्तीपर्यंत थांबण्याचा विचार करावा.

पेटी कोणाची

कुटुंबाच्या हिशेबात एक चूक पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. घरातले सगळे सोने एकत्र मोजून कर्ता पुरुष त्याला आपली शिल्लक समजतो. सुनेचे स्त्रीधन हे तिचे आहे आणि पत्नीचे तिचे. ते निवृत्तीच्या गणितात धरणे कायद्यालाही धरून नाही आणि न्यायालाही. उलट, बहुतेक घरांत पत्नी पतीच्या मागे काही वर्षे राहते. म्हणून सोन्याचा हिस्सा आणि व्याजाची खाती या दोहोंत तिचे नाव असणे आवश्यक आहे. पतीच्या पश्चात मुलासुनेपुढे हात पसरावा लागू नये, एवढी तजवीज तरी त्याने हयातीत करून ठेवावी.

कागदही नीट हवेत. प्राप्तिकराच्या झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी ११ मे १९९४ ची सूचना आहे. ती जप्तीपुरती आहे, बाळगण्याची कमाल मर्यादा नव्हे. पावती आणि वारशाचा लेख असेल तर अधिक असण्यास हरकत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना आणि लॉकरला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. ज्या घरांत वर्षानुवर्षे खतावणी काटेकोर लिहिली जाते, त्याच घरांत लॉकरची किल्ली कुठे आहे हे एकट्यालाच ठाऊक असते, ही विसंगती दूर करण्यास एक दुपार पुरते.

दीपावलीला महावीर निर्वाणोत्सव होतो, नवे वीर निर्वाण संवत सुरू होते आणि पेढ्यांवर वहीपूजन होते. त्याच दिवशी घरच्या वहीत एक पान म्हातारपणाचे असावे. व्याज देणाऱ्या ठेवी किती, हातची रोकड किती, सोने किती आणि एकूणात त्याचा वाटा किती, एवढे त्यावर लिहावे. दहाव्या-आठव्या हिश्शाचे माप धरले असेल आणि भाव चढून तो पाचवा झाला असेल, तर वरचे सोने विकून ठेवीत घालावे, किंवा त्यातला काही भाग औषधदानाकडे, शास्त्रदानाकडे वळवावा. भाव पडून हिस्सा घटला असेल तर थोडे घ्यावे. अशाने चढत्या भावात विकणे आणि उतरत्या भावात घेणे आपोआप घडते, आणि मुंबईत किंवा वॉशिंग्टनमध्ये व्याजदर काय ठरला याची धास्ती घरात राहत नाही.